माझ्या मापाची मूठ

मी आइंडहोवनला कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करते आणि रविवारी नेमबाजीच्या क्लबात जाते. क्लबात मला जुन्या धर्तीचं रिव्हॉल्व्हर आवडलं. त्यात तयार काडतुसं नसतात. प्रत्येक कप्प्यात काळी दारू, तिच्यावर उरलेली जागा भरायला चिमूटभर रवा आणि वर शिशाची गोळी दाबून भरायची. बार उडाला की पांढरा धूर होतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. रीतसर परवाना मिळाल्यावर मी एक घेतलं आणि जवळच्या न्यूनेन गावातल्या आमच्या घरी भिंतीला बोल्ट मारलेल्या तिजोरीत ठेवलं.

सासूबाईंना हे फोनवर सांगताना माझी चूक झाली.

"आई, रिव्हॉल्व्हर घरी असतं, पण दारू क्लबातच ठेवते."

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघंही घेता?"

नवऱ्याने फोन हिसकावून घेतला आणि बंदुकीच्या दारूबद्दल समजावलं. पण मला वाटतं, प्यायची दारू त्यांना जास्त परवडली असती.

एप्रिलमध्ये त्या आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्याच रविवारी क्लबातून परतल्यावर मी रिव्हॉल्व्हर सुटं केलं, गरम पाण्यात साबण घालून धुतलं आणि ओट्यावर पंचा पसरून त्यावर भाग वाळत ठेवले. काळ्या दारूची काजळी अशीच निघते. आई चहाला आल्या, पंच्याकडे पाहिलं आणि चहा न घेताच बाहेर गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

नंतर एकदा मी कणिक मळत होते आणि मीठ लागून कळवळले. माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात सालटं निघालं होतं.

"काय झालं गं?"

"रिव्हॉल्व्हरची मूठ मोठी पडते, आई. इथल्या लोकांच्या पंजाच्या मापाची आहे. बार उडाला की हातात फिरते आणि इथे घासते."

"मग लहान का करत नाहीस?"

खरं तर तेच करू पाहत होते. नळी, कप्प्यांचं चक्र वगैरेंना घरी हात लावायचा नाही, ते काम परवाना असलेल्या कारागिराचं. पण मुठीचं लाकूड आपलं आपण तासलं तरी चालतं. मी जादा मूठ मागवून ती तासलीही होती, पण एके ठिकाणी इतकी खाल्ली की लाकूड आणि लोखंड यांमधून उजेड दिसायला लागला. दिवसभर नॅनोमीटरच्या गप्पा मारणारी मी. नवरा तेव्हा पोट धरून हसला होता.

"तुझा हात केवढासा आहे ते मला विचार," आई म्हणाल्या. "लग्नात बांगड्या मी भरल्यात तुला." त्यांनी परातीतला कणकेचा गोळा लांबट करून माझ्या हातात दिला. "धर. तिथे धरतेस तशी."

मी धरला. करंगळीखालून कणकेचा फुगवटा बाहेर आला. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "एवढं तुझ्या हाताला नकोय. तू मधेच कोरत बसली असशील."

मी मधेच कोरत बसले होते.

दुसरी मूठ आली, अक्रोडाच्या लाकडाची. मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये मी कानस घेऊन बसायची आणि आई शाल पांघरून खुर्चीवर. थोडं घासलं की त्या म्हणायच्या, "आता धरून बघ." मला घाई असायची, त्यांना अजिबात नव्हती. माझ्या आजेसासूबाई कशा होत्या, नवरा लहानपणी काय काय गिळायचा, असं बरंच मला त्या शेडमध्ये कळलं. शेवटी पॉलिश पेपर मारून मी जवसाच्या तेलाची बाटली काढली.

"जवसाची तर चटणी करतात," म्हणत आईंनी फडकं माझ्या हातून घेतलं आणि त्या स्वतःच तेल चोळू लागल्या. लाकूड तांबूस काळं दिसायला लागलं, तसं त्यांनी ते नाकाशी नेऊन हुंगलं.

पुढच्या रविवारी त्या क्लबात आल्या. डोक्यावरून पदर आणि त्यावर कानांची ती मोठी हेडफोनसारखी टोपणं. आमच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि मुठीवरून बोट फिरवत डचमध्ये विचारलं, "हे कोणी केलं?"

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं आणि आईंना मराठीत सांगितलं. त्या लाजल्या.

मी बार उडवला. धूर आमच्या अंगावर आला. आई दचकल्या, खोकल्या आणि मग हसतच सुटल्या. मूठ हातात जागची हलली नाही. गोळ्या अगदी मधोमध लागल्या असं नाही, पण पहिल्यांदाच सगळ्या एकमेकींच्या जवळ होत्या. आधीची मूठ तासताना माझं नेमकं काय चुकलं होतं हे हाताला कळलं, आणि मला तिथेच आईंना मिठी मारावीशी वाटली. मारली. त्यांनी पाठीवर दोनदा थापटलं, "बरं, बरं."

आईंनी त्या भोकं पडलेल्या कागदाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आज सूनबाईंचा हात छान बसला."

आम्ही गाडीत बसेपर्यंत पुण्याहून घाबरलेल्या नणंदेचा आईंना फोन आला. "आई, तू बरी आहेस ना? दादा कुठेय?"