दाबून धरलेला होल्डर
कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास आला, की शुक्रवार पेठेतली आमची गच्ची आठवते. वडिलांनी जुना, मोठा लाकडी कॅमेरा घेतला होता, पण फिल्मचा होल्डर, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी चौकट, मिळाला दुसऱ्याच कंपनीचा. तो कॅमेऱ्याच्या मागच्या खाचेत जायचा, पण घट्ट बसायचा नाही. फटीतून ऊन शिरून फिल्म वाया जायची. शेवटची एकच फिल्म उरली होती आणि ताई संध्याकाळी सासरी निघणार होती; त्याआधी गच्चीवर सगळ्यांचा एक फोटो हवा होता. "मी धरते की दाबून, तुमी बसा तिकडं," आई म्हणाली. वडील शटर दाबायचा लांब नळीचा रबरी फुगा घेऊन आमच्यात बसले. कॅमेऱ्यामागून आई ओरडली, "हसा की जरा!" फोटो स्वच्छ आला. भिंतीवरचा तो फोटो बघून पाहुणे आजही विचारतात, "यात आई कुठंय?" मी सांगतो, "सगळे जिकडं बघून हसतायत ना, तिथं."