ओबदुलियाचं पांढरं चिलखत

ओबदुलिया सिस्नेरोसने लेओन शहरातल्या कोएसियो भागात एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाई केली होती. चामड्यावरून नुसता अंगठा फिरवला तरी ते गाईच्या पाठीचं की पोटाचं, हे ती सांगायची. म्हणूनच एप्रिलमध्ये ते भलंमोठं खोकं घरी आलं आणि त्यातून पांढऱ्या प्लॅस्टिकचे बत्तीस तुकडे निघाले, तेव्हा ती म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच? आठ दिवसांत उभं करते."

तिचा नवरा नाबोर खुर्चीत बसून शेंगदाणे सोलत होता. त्याने तुकड्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ दिवसांनंतरच्या तारखेला पेनाने गोल केला आणि परत शेंगदाण्यांकडे वळला.

हे खूळ मुळात तिचं नव्हतंच, तिच्या मुलीचं होतं. लेओनमध्ये चंद्रपहारेकऱ्यांचं एक मंडळ आहे. चंद्रपहारेकरी म्हणजे टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतले शिपाई, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चिलखतात. मंडळातली माणसं आपापलं चिलखत स्वतः बांधतात, ते घालून इस्पितळांत आजारी मुलांना भेटतात, जत्रेच्या मिरवणुकीत चालतात. यादिरा, ओबदुलियाची मुलगी, त्यांच्यातलीच एक. पण शिरस्त्राण घातलं की माणसाला स्वतःचे पायही दिसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक शिपायामागे एक मदतनीस लागतो. पायरी आली की कोपर धरायचं, नळीने पाणी पाजायचं, निसटलेलं टिचबटण लावून द्यायचं. सहा वर्षं ओबदुलियाने हे काम केलं, आणि मंडळात तिचा दरारा असा की अनोळखी शिपायांचीही बटणं ती न विचारता लावायची.

फेब्रुवारीत यादिराला दूरच्या मेरिदा शहरात नोकरी लागली. ती गेली, चिलखतही गेलं. पुढच्या बैठकीला ओबदुलिया सवयीने पिशवी, पाण्याची बाटली, सुईदोरा घेऊन पोचली आणि कोपऱ्यात नुसतीच उभी राहिली. प्रत्येकाबरोबर त्याचा त्याचा माणूस होता. मंडळाचा प्रमुख एरिबेर्तो, पेशाने कवळ्या बनवणारा, भला माणूस. मोठ्या बाईला आदराने 'दोन्या' म्हणतात, तसं म्हणत तो तिच्याजवळ आला, "दोन्या ओबदुलिया, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मिरवणुकीत आपला फलक धरायला कुणीतरी हवंच आहे."

फलक! घरी येऊन तिने पायातले बूटही काढले नाहीत, सरळ चिलखताचे तुकडे मागवले.

आता त्या खोक्यात माहितीपत्रक नव्हतं. एक फोटो होता, त्यात सहा फुटी गडी सगळं घालून ऐटीत उभा. तुकड्यांवर ना नंबर, ना नाव. ओबदुलियाने विकणाऱ्याला पत्र पाठवलं की कुठला तुकडा कुठे जातो ते कळवा. उत्तर आलं: "बघितलं की समजतं."

"काय समजतं? कपाळ माझं?" ती ओरडली. "हे मांडीचं आहे का दंडाचं, त्याच्या आईलाही समजणार नाही!"

तुकड्यांच्या कडेला जादा प्लॅस्टिक असतं, ते कापून दोन अर्धे भाग जोडले की हाताची नळी तयार होते. ओबदुलियाने मोठ्या रुबाबात पहिली नळी कापली, मग दुसरी. दोन्ही जोडून घालायला गेली तर दोन्ही डाव्या हाताच्या. तिने उजवा हात त्या डाव्या नळीत कोंबून पाहिला, वळवून पाहिला, साबण लावून पाहिला.

"उजव्या हाताने सलाम करूच नकोस," नाबोर म्हणाला.

जोडायला तिने बुटांचा पिवळा डिंक वापरला होता. सकाळी पाहते तर प्लॅस्टिकवर तापवलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या. एरिबेर्तो बघायला आला, त्याने नळी उजेडात धरली आणि आजाऱ्याला पाहून मान हलवावी तशी मान हलवली.

"चामड्याचा डिंक लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? एकतीस वर्षं लावतेय!"

"चामडं डिंक पितं, दोन्या. प्लॅस्टिक त्यात विरघळतं."

नवे तुकडे यायला पाच आठवडे लागले. तोवर ती पोटऱ्यांकडे वळली. पोटरीचा भाग फारच पसरट होता. मंडळातल्या कुणीतरी सांगितलं की गरम पाण्यात बुडवलं की वळवता येतो. किती गरम, ते सांगितलं नाही. ओबदुलियाने नणंदेकडून पोसोले, म्हणजे मक्याचा रस्सा, शिजवायचं मोठं पातेलं आणलं, पाण्याला खळखळून उकळी आणली आणि पोटरी आत सोडली. चिमट्याने वर काढली तेव्हा ती दुमडलेल्या तोर्तियाच्या पोळीसारखी लोंबत होती. पातेल्याला जो वास लागला तो लागलाच. नणंदेने ते परत घेतलं, नाकाशी नेलं आणि एकही शब्द न बोलता निघून गेली. बडबड्या नणंदेची ती मुकी पाठ ओबदुलियाला चार शिव्यांपेक्षा जास्त लागली.

जुलै संपता संपता सगळे भाग कसेबसे जोडून झाले आणि तिने पहिल्यांदा चिलखत अंगावर चढवलं. चढवलं कसलं, त्यात पडली. ओबदुलियाची उंची एक मीटर एकोणपन्नास. छातीचा भाग हनुवटीला धडकत होता. मांडीच्या नळ्या वर बरगड्यांना टोचत होत्या आणि खाली गुडघ्याला वाकूच देत नव्हत्या. ती दारापर्यंत चार पावलं गेली, चौकटीत अडकली.

नाबोरला हसू आवरेना. "अगं म्हातारे, मान आत घे आणि पानं खायला लाग. अगदी कासव!"

त्या दिवशी नाबोरला स्वतःची अंडी स्वतः तळावी लागली, दुसऱ्या दिवशीही.

तिने मेरिदाला फोन लावला. "यादे, हे सगळं मला वीतभर मोठं होतंय."

"मग कापून लहान कर ना, आई."

"कुठून कापू? वरून कापलं तर डौल जातो, खालून कापलं तर ती नक्षी जाते. तुमचा एरिबेर्तो म्हणतो वरून, तो दाढीवाला म्हणतो खालून, आणि तिसरा म्हणतो उंच टाचांचे बूट घाल!"

"मला काय माहीत, आई? मी बाबांवर गेले. मला सगळं आपोआप बसलं."

"ठेव फोन," ओबदुलिया म्हणाली.

तिने थोडं वरून कापलं, थोडं खालून कापलं. ऑगस्टभर हाताला चिरा, केसांत पांढरा भुगा, जेवणात पांढरा भुगा. जेवढं कापावं तेवढं ध्यान विचित्र दिसू लागलं. शेवटी सप्टेंबरात एका सकाळी तिने सगळे तुकडे खोक्यात कोंबले आणि खोकं फुटपाथवर नेऊन ठेवलं. भंगारवाल्याची गाडी कर्णा वाजवत आलीच. भंगारवाल्याने एक मांडी उचलली, टिचकी मारून आवाज ऐकला, परत खोक्यात टाकली.

"बाई, गाद्या घेतो, शेगड्या घेतो, धुण्याची यंत्रं घेतो. हे नाही घेत."

"फुकट देतेय मी!"

"फुकटही नको. हे कापलंय कुणी असं?"

गाडी कर्णा वाजवत पुढे गेली. ओबदुलिया भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि समोरच्या दुकानदाराने बाहेर येऊन विचारलं, "काय झालं?" तर त्याच्यावरही खेकसली. पण आत खोकं ओढत आणताना भंगारवाल्याचा तो शेवटचा प्रश्न डोक्यातून जाईना. कापलंय कुणी असं? कारखान्यात कुणी नवी पोरगी मोठ्या मापाच्या चामड्याच्या कडा कुरतडून लहान माप काढू लागली असती, तर ओबदुलियाने स्वतः तिला असंच विचारलं असतं. बूट लहान करायचा तर कडा कापत नाहीत. आधी पायाचा साचा घेतात, आणि जे काढायचं ते मधून काढतात.

"नाबोर," ती म्हणाली, "ऊठ. मला गुंडाळ."

स्वयंपाकघरातला अन्न झाकायचा पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तिने अंगाभोवती लपेटून घेतला, आणि वरून नाबोरने तिला चिकटपट्टीने मानेपासून घोट्यापर्यंत बांधलं. हे काम त्याला मनापासून आवडलं.

"लग्न झालं तेव्हाच सुचायला हवं होतं मला हे," तो म्हणाला.

"बोलू नकोस, ओढ. एवढं नको ओढू! श्वास घेऊ दे की!"

मग पाठीवरून कात्रीने उभं कापून ते कवच उतरवलं, आत जुनी फडकी ठासून भरली. बैठकीच्या खोलीत दुसरी ओबदुलिया उभी राहिली, बुटकी, गोल पोटाची, डोकं नसलेली. खरी ओबदुलिया तिच्याभोवती फिरली. "माझं पोट एवढं आहे?" नाबोरने शेंगदाण्यांची वाटी जवळ ओढली.

त्यानंतर मात्र तिने कुणाला काही विचारलं नाही. विकणाऱ्याकडून छाती, मांड्या नि पोटऱ्या पुन्हा मागवल्या. साच्यावर खुणा केल्या, प्रत्येक भागाच्या मधून पट्टी काढली, उरलेले दोन भाग जवळ आणले, आतून आधाराची पट्टी लावली, सांध्यात लांबीचा लगदा भरून घासलं. एक मांडी व्हायला नऊ दिवस लागले. घासताना ती पुटपुटत राहायची, आणि त्यात विकणारा, यादिराची उंची, प्लॅस्टिक शोधून काढणारा माणूस, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पण भाग साच्यावर बसत होते.

मंडळात येण्यासाठी फोटो मोंतेरेच्या तपासणी समितीकडे पाठवावे लागतात. पहिलं उत्तर आलं: पट्टा दीड सेंटिमीटर खाली आहे. तो वर केला. दुसरं उत्तर: आता डावी गुडघापट्टी तिरकी दिसते. ती सरळ केली. तिसरं उत्तर: फोटोत मागे एक गृहस्थ शेंगदाणे खाताना दिसतात, कृपया मोकळ्या भिंतीसमोर फोटो काढावा. ओबदुलियाने नाबोरला अंगणात हाकललं. डिसेंबरच्या मध्यावर होकार आला. सांध्यांबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण त्यांना सांधे दिसलेच नव्हते. एरिबेर्तोने मात्र बोट फिरवून सांधा शोधला, आणि त्या मांडीवर कवळीवाल्याची नजर बराच वेळ खिळून राहिली.

"हे मला शिकवाल?" त्याने विचारलं.

"आधी मला जत्रेतून सुखरूप परत येऊ दे," ती म्हणाली.

तिची शंका खरी ठरली. जानेवारीतल्या जत्रेच्या मिरवणुकीत तिचा मदतनीस होता नाबोर. पहिल्याच चौकात तो ग्वाकामायाच्या, म्हणजे भरलेल्या पावाच्या, गाडीपाशी थांबला. ओबदुलिया काही न दिसता तशीच पुढे गेली आणि लोखंडी कठड्यावर आदळली. "नाबोर! अरे नाबोर!" शिरस्त्राणात आवाज घुमला, काचा वाफेने भरल्या. तेवढ्यात कुणीतरी तिच्या डोक्यावर थोपटलं. एक वयस्कर पुरुषी आवाज म्हणाला, "अरे वा, बघा किती गोड! कितवीत आहेस रे बाळा?"

"मी छप्पन वर्षांची आहे," बाळ म्हणालं. "हात काढा."

गृहस्थ दोन पावलं मागे उडाले. नाबोर पावाचा तुकडा गिळत धावत आला. संध्याकाळी घरी चिलखत उतरवलं तेव्हा दोन्ही खांदे सोलवटले होते, पाय सुजले होते, आणि ओबदुलियाने शपथ घेतली की हे शेवटचं.

फेब्रुवारीत मंडळ इस्पितळात निघालं, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन उभी होती. लांब खोलीत उंच शिपाई मुलांपुढे वाकून बोलत होते. ओबदुलियाला वाकावं लागलं नाही, आणि वाकताही आलं नसतं. हाताला बँडेज असलेली नऊएक वर्षांची एक मुलगी खाटेवर उभी राहिली. दोघींचे डोळे एका पातळीत आले.

"आत उकडतं का?" मुलीने हळूच विचारलं.

"भयंकर," ओबदुलिया म्हणाली. "आणि उजव्या गुडघ्याला पट्टी चावतेय."

"मग काढून टाक ना."

"काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो."

मुलीने आपल्या बँडेजकडे पाहिलं. "हे बदलायलाही तेवढंच लागतं," ती म्हणाली. "मी खूप ओरडते."

"ओरडावंच," ओबदुलिया म्हणाली. "मीसुद्धा ओरडते."

मग दोघी नर्स, डॉक्टर, चिलखत विकणारे आणि समितीवाले यांच्याविरुद्ध बराच वेळ तक्रारी करत राहिल्या. एरिबेर्तो दोनदा बोलवायला आला, दोन्ही वेळा त्याला थांबायला सांगण्यात आलं.