एका बाईची दोन नावं

"सेल्युलायटिस आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या बायकोच्या डाव्या पोटरीवर पेनाने निळी रेघ ओढली. लाली त्या रेघेच्या वर चढता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

सेल्युलायटिस म्हणजे कातडीखालच्या थरात जंतूंनी घर करणं. ते टाचेच्या भेगेतून शिरले होते. आता टाचेला भेगा आमच्या लिंबायतच्या गल्लीत कुठल्या बाईला नाहीत? भेगेपायी कुणी दवाखान्यात भरती होतं का, असं मी विचारलंही. डॉक्टर म्हणाले, "काका, ताप एकशे चार आहे, बीपी उतरतंय. ही सेप्सिसची सुरुवात आहे." सेप्सिस म्हणजे जंतूंचा त्रास रक्तात उतरून सगळ्या शरीराला पोचणं. त्यात माणूस जातो, हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं. आदल्या दिवशी ही उभ्याने पोळ्या लाटत होती.

माझं नाव बाजूला राहू द्या. मी राज्याबाहेर, उधन्याच्या कापडाच्या लूमवर अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, मूळ अमळनेरकडचा. तिचं नाव सुनंदा. निदान मी तरी तेच सांगितलं.

भरतीच्या खिडकीवर त्यांनी विचारलं, पूर्वी इथे आल्या होत्या का? मी म्हटलं, नाही. कुठल्या औषधाची अॅलर्जी? म्हणजे एखादं औषध अंगाला न मानवणं. मी म्हटलं, तसलं काही नाही, ती सुईला घाबरते एवढंच. "सुई बाधस माले," असं ती नेहमी म्हणायची आणि मी नेहमी हसायचो. तापाने तिची शुद्ध अर्धवट होती. तिच्या वतीने सगळी उत्तरं मीच दिली, तीही छातीठोकपणे.

मग तिच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी आली. तिच्यावर नाव आणि काळ्या बारीक रेघा. औषध देण्याआधी नर्स ती पट्टी हातातल्या टॅबलेटला दाखवते, मग औषधाची बाटली दाखवते. दोन्ही जुळलं तर पडदा हिरवा होतो. त्या रेघांना बारकोड म्हणतात. आमच्या वॉर्डाला हर्षासिस्टर होत्या, तिशीच्या, दिंडोलीत वाढलेल्या, मूळच्या वर्ध्याकडच्या. त्या पेशंटपेक्षा पडद्याकडेच जास्त बघतात असं मला वाटलं. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी बोललो, "सिस्टर, आजारी ती आहे, मशीन नाही."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मी बघते तेवढंच मला दिसतं. तुम्ही घरी जे बघितलं ते इथे लिहिलेलं असलं, तरच मला दिसेल."

दुपारी त्या इंजेक्शन घेऊन आल्या. पेनिसिलिनच्या घराण्यातलं अँटिबायोटिक, जंतू मारणारं औषध. पट्टी दाखवली, बाटली दाखवली, पडदा हिरवा झाला. हाताच्या शिरेत नळी होतीच. त्या सिरिंज नळीला लावणार तेवढ्यात माझा मेहुणा दारातून घुसला. माझा निरोप मिळताच तो कामावरून तसाच निघाला होता. बहिणीला बघून त्याला रडूच फुटलं.

"कोकी, काय व्हयनं वं तुले?"

हर्षासिस्टरांचा हात थांबला. "कोकी कोण?"

"मन्ही बहीण. कोकिळा."

"यांचं नाव सुनंदा आहे ना?"

"ते सासरनं नाव," मेहुणा म्हणाला.

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मला राग आला. डॉक्टर म्हणतात मिनिटामिनिटाला महत्त्व आहे आणि ही नावांची चौकशी करत बसली. मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मेहुण्याला विचारलं, "माहेरच्या नावाने यांना कधी इथे आणलं होतं?"

हो, तो म्हणाला. चार वर्षांपूर्वी. तेव्हा मी गावाला होतो, ही भावाकडे गेली होती, काखेत गळू झालं होतं. घाईत कार्डबिर्ड काही नव्हतं. त्याने तोंडी नाव सांगितलं, कोकिळा, पुढे बापाचं नाव, माहेरचं आडनाव, स्वतःचा मोबाइल नंबर. भावाला बहिणीचं दुसरं कुठलं नाव आठवणार?

सिस्टरांनी ते नाव टॅबलेटवर टाकलं. पडद्यावर लाल पट्टा आला. त्यांनी तो मला वाचून दाखवला: पेनिसिलिन, गंभीर रिअॅक्शन, चेहरा सुजला, श्वास अडला.

"दाजी, तुम्हले माहीत नही का?" मेहुणा म्हणाला. "सुई दिधी आन् तिनं तोंड सुजी गयथं. तुम्ही घाबरशात म्हनीसन आम्ही सांगं नही."

अॅनाफिलॅक्सिस म्हणतात त्याला, म्हणजे औषधानेच शरीर इतकं बिथरतं की श्वासनळी मिटते. त्यात मिनिटं लागतात, तास नाही. आणि पडदा हिरवा होता. तो खोटं बोलला नव्हता. मी जे सांगितलं तेच त्याने मला परत दाखवलं. मरणाची परवानगी मी माझ्या तोंडाने दिली होती.

हे नाव मीच बदललं होतं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात. माझ्या काकूचं नाव कोकिळा. एका घरात दोन कोकिळा नकोत, घोळ होईल, असं आत्या म्हणाली आणि मी सुनंदा लिहून मोकळा झालो. घोळ टाळायला लिहिलं होतं, बरं का.

डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध सुरू केलं. पहिले दोन दिवस लाली निळ्या रेघेवरच अडून बसली. मी बाहेरच्या बाकावर बसून तीच रेघ डोळ्यांसमोर आणत होतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी सूज ओसरून घोट्याचं हाड दिसायला लागलं. तिने चहा मागितला तेव्हा मला हुंदका आवरला नाही.

मग मी सिस्टरांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचीही दोन नावं आहेत, म्हणून कान टवकारले. पण प्रत्येक नर्सचा कान वर्ध्याचा नसतो, लग्नात नाव बदलतं हे इथे सगळ्यांना ठाऊक नसतं." त्या नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स शिकत होत्या. म्हणजे पेशंटची माहिती गोळा करायची, जोडायची आणि ज्या नर्सच्या हातात सुई आहे तिच्यासमोर वेळेवर आणायची. पुढे नर्सचं निम्मं काम हेच असणार, असं त्यांचं मत. भरतीच्या फॉर्मवर 'माहेरचं नाव' हा रकाना हवा, असा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात वर पाठवला.

तो मंजूर होईल तेव्हा होईल. तुम्ही मात्र आजच घरातल्या बाईला विचारा, तिला कुठल्या नावाने कुठे नेलं होतं, कुठलं औषध बाधलं होतं. आणि ती काही बाधतं म्हणाली तर हसू नका.

नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. सिस्टर दोन्ही नोंदी एकत्र जोडत होत्या. वरचं नाव आधार कार्डाचंच ठेवावं लागतं. खाली एक रकाना होता: पेशंटला काय हाक मारावी. सिस्टरांनी ते तिलाच विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, या वेळी तूच सांग.

"कोकिळा लिहा," ती म्हणाली.

ती पिशवी भरायला वळली. मी मागून हाक मारली, "कोकिळा, चल."

तिने दाराकडे पाहिलं. तिला वाटलं, भाऊ आला.