मठात आम्ही दोघं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुकट निवडणं. घरापुढच्या ओट्यावर बसलो होतो, मध्ये सूप, सुपाला टेकून शेजारचं मांजर. बायको सुक्या कोळंबीची डोकी मोडत होती आणि मी मोडल्यासारखं करत होतो. त्या दुपारी गल्लीतल्या एका पोरीला निरोप देऊन आलो होतो. पोरगी सिस्टर व्हायला मठात निघाली होती, जाळीमागच्या, एकदा आत गेलं की बाहेर नाही अशा. माझी बायको तिच्या डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ उभी राहिली. ते माझ्या मनातून जाईना. मी तसा फाडकन बोलून मोकळा होणारा माणूस, पण एक प्रश्न लग्नापासून घशात अडकला होता. तो त्या संध्याकाळी सुटला.

"काय गं," म्हटलं, "तुला पण तिकडंच जायचं होतं ना? तुझ्या बापानं माझ्या गळ्यात बांधली. अजून वाईट वाटतं का?"

ती हसली. बोलणार एवढ्यात तिची नजर आत घड्याळावर गेली. उठली, हात धुतले, घंटा वाजवली, दिवसाची शेवटची प्रार्थना म्हटली आणि माझ्याकडं बघून नुसतं बोट उगवतीकडं केलं. म्हणजे, सकाळी सांगते.

आता हे बोट कळायला आमचं घर कळायला पाहिजे. मरोळच्या अख्ख्या गावठाणात नवऱ्यासकट मठ चालवणारी बाई एकच होती, ती माझी बायको. तिची एक मावशी अशीच जाळीमागं सिस्टर होती. लहानपणी ही तिला भेटायला गेली आणि तिथली शांतता बघून येडीच झाली. मोठेपणी जायचं ठरलं पण होतं. पण बापाला अर्धांग झालं, घर बघायला कोणी नाही, ही राहिली, आणि मग मी आलो. दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. हिनं मठच घरी आणला. दोन खोल्या, मोरी, ओटा, एवढा मठ. त्यात मठवासी दोन. एक ती आणि एक मी, बिडी ओढणारा.

मठ म्हटला की घंटा पाहिजे. मी साकीनाक्याला कारखान्यात लेथवर होतो, भंगारातल्या पितळेची एक घंटा कातून दिली. आवाज भांड्यावर पळी मारल्यासारखा. पण ती वेळेवर वाजायची, आणि अख्खी गल्ली तिच्यावर चालायची. शेजारच्या मालवणी काकू भाताचा टोप त्या घंटेवर उतरवायच्या. एकदा बायकोला ताप होता, घंटा राहिली, तर काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "गो बाय, तुज्या देवान आज सुट्टी घेतल्यान की काय? माझो भात करापलो!"

मठात जेवताना कोणी बोलत नाही. एकजण वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात. आमच्याकडं बाकीचे म्हणजे मीच. ती संतांच्या गोष्टी वाचायची, आणि त्या संतांना मेले कुठले कुठले राजे उकळत्या तेलात टाकायचे. माझ्या ताटात तळलेले बोंबील. मी म्हणायचो, "अगं, निदान माझा मासा संपेपर्यंत तरी त्याला जिवंत ठेव." ती पानावरून डोळे न उचलता आणखी एक शहीद कढईत सोडायची.

मठात कोणाच्या हातून काही फुटलं तर सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागायची रीत. मी दाढी करत असायचो, तोंडाला साबण, आणि ही फुटलेल्या कपाचे तुकडे ओंजळीत घेऊन समोर गुडघ्यावर. "उठ गं, साबण डोळ्यात जातोय." "आधी माफ कर." एकदा आमचा फोरमन चहाला आला असताना असंच झालं. नुसती बशी फुटली होती. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे मला विचारतात, काय रे, घरी बायकोला इतका धाक? धाक! त्या बाईला मी उभ्या जन्मात एकदा "लवकर आटप" म्हणालो, तर म्हणाली, "देवाला घाई नाही, तुला कसली?"

आणि पाहुणा म्हणजे येशू. कुठलाही पाहुणा. मलेरियाची औषधं मारणारा एक मुनशिपाल्टीचा माणूस पाण्याचं पिंप तपासायला आला, दुपारच्या उन्हात, पाय चिखलानं भरलेले. हिनं त्याला पाटावर बसवलं, परात आणली आणि पाय धुवायला लागली. तो घाबरून अर्धा उठला. "अहो बाई, काय करताय! मी साधा माणूस आहे."

"म्हणूनच," ही म्हणाली, आणि दुसरा पाय ओढून घेतला.

वर ताटात गरम फुगे दिले, आमच्याकडचे मैद्याचे तळलेले गोळे. पिंपात अळ्या सापडल्याच, त्यानं पिंप उपडं केलंच, पण पुढं तो आला की कोपऱ्यावरच्या नळावर आधी स्वतःच पाय धुवून यायचा. म्हणायचा, "नको हो, परत नको त्या परातीत."

पण सगळ्यात अवघड होती ती रात्रीची शांतता. शेवटची प्रार्थना झाली की सकाळपर्यंत शब्द नाही. काकूंकडं गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही आला. रविवारी सिनेमा बघायला सगळे त्यांच्या दारात. ही पण यायची, चांगली नाक पुसत बघायची, आणि हिरोच्या छातीवर बंदूक टेकली की उठून घंटा वाजवायला घरी. मी नंतर जाऊन बोलायला लागलो की ओठांवर बोट. बरं, मी काही विचारलं तर ते हवेत जायचं नाही. ती सगळं सांभाळून ठेवायची आणि सकाळी उत्तर द्यायची. मी डोळे चोळत चहाला बसलो की, "हो, कालच्या कालवणात मीठ जास्तच होतं. आणि छत्री पलंगाखाली आहे. हिरो मेला का रे?"

त्याआधी सकाळची प्रार्थना. तिची सुरुवात अशी, की रात्रभर मिटलेलं तोंड देवानंच उघडावं म्हणून त्याला सांगायचं. अर्धी ओळ एकानं म्हणायची, उरलेली दुसऱ्यानं. तिची अर्धी झाली की माझी. मी रोज "हूं" म्हणायचो. माझं तोंड उघडायला देवाची गरज कधी पडली नव्हती. पण माझं हूं होईपर्यंत ती पुढं जायची नाही. स्टोव्हवर दूध वर यायचं, काकू पलीकडून ओरडायच्या, ही आपली हात जोडून माझ्याकडं बघत उभी. आमच्या फादरांनी एकदा तिला सांगितलं, "बाय, एकटीनं दोन्ही भाग म्हटलेस तरी चालतं." ती म्हणाली, "तुम्हाला चालत असेल, फादर. माझ्या मठात अर्धं त्याचं आहे." मी तेव्हा हसलो होतो. बाहेर जाऊन बिडी पेटवली होती.

तर तिनं उगवतीकडं बोट केलं आणि आम्ही झोपलो. सुकट तशीच सुपात राहिली, वर एक ताट झाकून.

सकाळी घंटा वाजली नाही. मी उजेडानंच जागा झालो. ती भिंतीकडं तोंड करून होती. हाक मारली. खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

ओरडलो नाही. काकूंना पण हाक मारली नाही. उठलो, मोरीवर तोंड धुतलं, फळीवरची घंटा काढली आणि वाजवली, तिच्यासारखीच, थांबून थांबून. पलीकडं काकूंचा स्टोव्ह लागल्याचा आवाज आला. मग मी तिच्या उशाशी उभा राहिलो, हात जोडले आणि तिची अर्धी ओळ म्हटली. इतकी वर्षं ऐकून पाठ झाली होती. आणि तिच्याकडं बघत थांबलो, ती थांबायची तसा. बराच वेळ थांबलो.

मग माझी अर्धी म्हटली. हूं नाही. पूर्ण म्हटली.