मेंढीच्या नाकाला कोलोन

लष्करातून निवृत्त होऊन वडूजजवळच्या आमच्या गावी परतलो, पंधरावीस मेंढरं घेतली आणि घराण्याचं जुनं काम पुन्हा धरलं. पलटणीतली एक सवय तेवढी सुटली नाही. सकाळी दाढी झाली की तळहातावर थोडं सुवासिक कोलोन घ्यायचं आणि गालांना चोळायचं. ते गार गार झोंबल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटतच नाही. बायको म्हणते, "मेंढरामागं निघालाय का वरातीत?" म्हणू दे. मला आवडतं.

यंदा आमची एक मेंढी व्याली आणि कोकरू मागे ठेवून मेली. त्याच दिवशी दुसरीचं कोकरू मेलेलंच जन्मलं. इकडे भुकेलं पोर, तिकडे दुधानं भरलेली कास. वाटलं, झालं काम! पण मेंढी आपलं कोकरू वासावरून ओळखते. जवळ नेलं की ती हुंगायची आणि ढुशी मारून त्याला उडवायची. मेलेल्या कोकराचं कातडं परक्या कोकराच्या अंगावर घालायची आमच्यात रीत आहे, पण ते कोकरू कुत्र्यांनी आधीच पळवलेलं. बाटलीचं दूध हे भुकेलं पोर तोंडात धरेना. दुपारपर्यंत ते भुकेनं मान टाकायला लागलं.

बायको उठली ती थेट माझ्या आरशापाशी गेली. कोलोनची बाटली आणून तिनं थोडं मेंढीच्या नाकाला फासलं आणि बाकीचं कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळायला लागली.

"अगं, सगळी बाटली संपवतीस का काय?"

"गप ऱ्हावा. दोगांचा वास एक झाला पायजे."

मेंढी फटाफट शिंकली. कोकराला हुंगलं, स्वतःचं नाक चाटलं, पुन्हा हुंगलं. मग जागची हलली नाही. आम्ही कोकराला धरून कासेला लावलं. आधी दोनदा सुटलं, मग जे चिकटलं ते शेपटी नाचवत पीतच राहिलं. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाली, "लय झोंबतंय हो तुमचं आत्तर."

साताऱ्याला जाऊन नवी बाटली आणली. दुसऱ्या दिवशी दाढी करून, कोलोन लावून मेंढरांच्या वाडग्यात शिरलो आणि कोकरू बघायला खाली बसलो. ती मेंढी तरातरा आली, माझा गाल हुंगला आणि घशातल्या घशात हुंकारली. पोटच्या पोराला बोलावतात ना, अगदी तसं.

"आवं, हिला आनी एक पोरगं झालं बगा!" बायको हसून हसून खाली बसली.

मी दुसरा गालही पुढे केला. मेंढीनं तो चाटला.