पासपोर्ट परत आणले म्हणून निलेश रुसलाय

मंडळी, आज मानपाड्याला हनिमूनचं बुकिंग करायला गेलेलो. पॅरिस, प्राग, रोम, सगळं आमच्या बजेटमध्ये! एजंट माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, निलेशच्या गावचा.

"वहिनी, दोघांचे पासपोर्ट ठेवून जा."

मी म्हटलं, "मिळाले असं लिहून द्या. आणि हॉटेलांची नावं?"

तो हसला. "गाववाल्याकडून लिहून घेणार?"

निलेशने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी दोन्ही पासपोर्ट उचलून पर्समध्ये टाकले आणि उठले.

बाहेर आल्यावर निलेश म्हणाला, "अगं, आता गावात कुठल्या तोंडाने जाऊ?"

आमच्या घरात डिग्री पहिली माझी, पासपोर्टही पहिला माझाच. तो माणूस कदाचित सरळ असेलही. पण मग दोन ओळी लिहायचं एवढं का टाळत होता? तुम्ही ठेवला असता पासपोर्ट?