वन्संनी दिलेली सुट्टी

पुस्तकं बांधणाऱ्या बाई सेहेचाळिसाव्या वर्षी पळायला लागल्या, त्याला कारण एक सुटलेली बस. काखेत वह्यांचं बोचकं घेऊन त्या तिच्यामागे धावल्या. गर्दीमुळे बस रेंगाळली आणि बाई पुढच्या थांब्यावर तिच्याआधी पोचल्या. धापा टाकत इतक्या हसल्या की चढायचंच राहून गेलं.

दोन वर्षांत त्यांनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. नवरा जहाजावर, आठ-आठ महिने बाहेर. घरात त्या आणि थोरली नणंद, इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. अंग चोरायचं नाही, ही बाईंना वडिलांची शिकवण. म्हणून रोज पळायचं, रविवारी दुप्पट, वर जिने चढायचे.

मग उलटंच होऊ लागलं. अंतर तेच, पण वेळ जास्त लागायचा. पाय जड, झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली. एक सर्दी जाते न जाते तोच दुसरी हजर. कधी आवाज न चढवणाऱ्या बाई खळीचा डबा उघडा राहिला म्हणून नणंदेवर खेकसल्या. या सगळ्यावर त्यांच्याकडे एकच उपाय होता: आणखी पळायचं.

एका दुपारी त्यांनी जाड ग्रंथाचं मधलं प्रकरण उलटं शिवलं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दोरा उसवता उसवता त्यांना रडू कोसळलं.

नणंद शेजारी येऊन बसली. "वहिनी, उद्या डोळे उघडलेस की मला हाक मार. अंथरुणातच नाडी बघते."

सकाळी अठ्ठ्याहत्तर भरली.

"गेल्या वर्षी अठ्ठावन्न होती."

"मग सराव कमी पडतोय, वन्सं."

"कमी? अगं, उतू चाललाय! पळताना शरीर झिजतं, भरून निघतं ते विश्रांतीत. तू नुसतीच झिजवतेयस."

"म्हणजे अंग चोरू?"

"तीस वर्षं माणसांची अंगं बघितली मी. चोरणारी वेगळी दिसतात गं."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. दुसरं काही निघालं नाही. महिनाभर पळणं बंद. वन्संनी बूट स्वतःच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. पहिल्या आठवड्यात बाईंनी घरातली सगळी कपाटं घासूनपुसून काढली, तेव्हा वन्संनी फडकंही काढून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात मात्र बाई दहा-दहा तास झोपल्या, आणि उठून मागून मागून जेवल्या.

तिसऱ्या आठवड्यात शर्यत होती. त्या सकाळी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वन्सं पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपू लागल्या.

"तुम्ही थोरल्या, वन्सं. माझे पाय कसले चेपता?"

"पाय कुठले? दमलेली दोन लेकरं आहेत ही. झोप."

महिना सरला तेव्हा नाडी साठावर आली होती. मग वन्संच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या चालीनं फिरणं सुरू झालं. नंतर दिवसाआड थोडं पळणं, तेही गप्पा मारता येतील इतपतच.

सहा महिन्यांनी बाई दहा किलोमीटरची शर्यत पळाल्या. कितव्या आल्या ते त्यांनी बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी आठला उठल्या आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "वन्सं, आज मी काहीही करणार नाहीये."

"मग चहा तरी पी," वन्सं म्हणाल्या आणि आधण ठेवलं.